दोन बोटांची जागा

त्याला सगळे ठासू म्हणायचे. आईबापांनी काय नाव ठेवलं होतं ते त्याच्या बायकोला ठाऊक असेल, बाकी कुणाला पडलेली नव्हती. धंदा गाद्या भरायचा, आणि हा माणूस गादी नुसती भरायचा नाही, ठासून भरायचा. गिऱ्हाईक आलं की गादी उभी करायची, कोपऱ्यावर मूठ मारायची आणि वर छाती काढून सांगायचं, बोटभर पोकळी सापडली तर अशीच फुकट घेऊन जा. गिऱ्हाईक बिचारं चाचपून चाचपून दमायचं. पोकळी काही सापडायची नाही, आणि ठासूच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं की जणू त्याने गड सर केला.

बायको म्हणायची, या माणसाला रिकामं काही बघवतच नाही. डबा रिकामा दिसला की भर, पिशवी रिकामी दिसली की भर. जेवताना माझ्या ताटातही कोपरा मोकळा दिसला की भात वाढतो. खोटं नव्हतं ते. तिच्या बोलण्यात लटका राग असायचा, आणि ठासूला तो ऐकायला आवडायचा.

दुकानाच्या मागेच घर. लग्नानंतर घेतलं तेव्हाही ते जुनंच होतं. राहायची मोठी खोली एकच, आणि तिला माळा नव्हता, सपाट छत नव्हतं. वर दोन्ही बाजूंनी उतरत आलेला पत्रा आणि त्याच्या खाली, त्याच उतारावर, ठोकलेल्या लाकडी फळ्या. मधलं आढं इतकं उंच की दिवा बदलायला शिडी लागायची. पत्रा आणि फळ्या यांच्यामध्ये वीतभर जागा रिकामी होती. वळचणीला, म्हणजे छप्पर जिथे भिंतीबाहेर येतं तिथे, कुणा जुन्या सुताराने ओळीने भोकं ठेवली होती. त्यांतून वारा शिरायचा, फळ्यांच्या मागून घोंघावत वर चढायचा आणि आढ्याच्या फटीतून बाहेर पडायचा. थंडीत त्या आवाजानेच माणूस गारठायचा. बायकोची छाती आधीपासून नाजूक. ती पांघरुणात बसून म्हणायची, अहो, आपण घरात राहतोय की घराबाहेर तेच मला कळत नाही.

ठासूने एका पावसाळ्यानंतर मनावर घेतलं. दुकान बंद ठेवलं, फळ्या एकेक करून उचकटल्या आणि त्या वीतभर जागेत कापूस भरला. कसा भरला हे सांगायला नकोच. काठीने ढोसून ढोसून, पत्र्याला टेकेपर्यंत. वळचणीच्या भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबले. आढ्याची फटही सोडली नाही. मग फळ्या पुन्हा ठोकल्या, शिडीवरून खाली उतरला आणि बायकोला म्हणाला, आता शोध पोकळी.

पहिले काही आठवडे घर खरंच उबदार झालं. बायको स्वेटर काढून बसायला लागली. तिच्या छातीला वाफ बरी वाटायची म्हणून कोपऱ्यातल्या शेगडीवर ठासू दिवसभर किटली उकळत ठेवायचा. ती येणाऱ्याजाणाऱ्याला छताकडे बोट दाखवून सांगायची, आमच्या ह्यांनी घरालाच गादी घातली. ठासूला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग एके सकाळी तिच्या उशीवर थेंब पडला.

थेंब म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे पत्रा. दुसरं काय सुचणार? ठासू डांबराचा डबा घेऊन छपरावर चढला आणि दिसेल त्या खिळ्यावर, दिसेल त्या सांध्यावर डांबर थापून आला. चार दिवसांनी दोन थेंब. पुन्हा वर, पुन्हा डांबर. शेजारी एक पत्रेवाला राहायचा, ठासूचा जुना दोस्त, तोंडाचा फटकळ. त्याने खालून हाक मारून विचारलं, काय ठासूशेठ, छपराला काळं फासताय की स्वतःच्या तोंडाला? पण तोही वर चढला, सगळं तपासलं आणि डोकं खाजवत उतरला. त्याच्या मते पत्र्यात सुई जाईल एवढंही भोक नव्हतं. शिवाय पाऊस तर कधीच थांबला होता. आभाळ लख्ख, रात्री कडाक्याची थंडी, आणि सकाळी फळ्यांमधून गंजकट पाणी.

ठासूने दोस्ताला सुनावलं की तुझे डोळे गेलेत, आणि आणखी एक डबा आणला.

थंडी वाढली तसे फळ्यांवर काळे ठिपके उमटले. आधी आढ्याजवळ, मग उतरत उतरत पलंगाच्या वर. ठासू रोज शिडी लावून पुसायचा, बुरशी रोज परत यायची. खोलीला ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला. बायकोचा खोकला आता बसल्याजागी यायचा, आणि आला की जायचं नाव घ्यायचा नाही. घरी तपासायला आलेले डॉक्टर तिच्या पाठीला नळी लावून बसले होते. त्यांनी मध्येच मान वर केली, छत पाहिलं आणि नळी काढून गळ्यात टाकली. औषध देतो, ते म्हणाले, पण या छताखाली औषधाचा उपयोग नाही. ती श्वासातून बुरशी ओढते आहे. आधी हे कोरडं करा. त्यांनी तिला दवाखान्यात हलवायला लावलं.

ठासूच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या छताखाली तिला ऊब मिळावी म्हणून जिवाचं रान केलं, तेच तिच्या मुळावर उठलं होतं. तो दवाखान्यात जायचा, तिच्या उशाशी बसायचा, तिथून येऊन छपरावर चढायचा. आणि मग खरोखरच थेंब थांबले. एक दिवस गेला, दुसरा गेला, फळ्या सुकल्या, वास उडाला. ठासूला वाटलं, जिंकलो. पत्रेवाल्याला त्याने हाताला धरून घरात आणलं, छत दाखवलं, आणि माझ्या डांबरापुढे तुझा पत्रा काय टिकणार म्हणून भरपूर बढाई मारून घेतली. दवाखान्यात जाऊन बायकोला सांगितलं, एक थेंब नाही, शपथेवर सांगतो. ती म्हणाली, मग न्या मला घरी.

घरी आणली. पलंग पुन्हा जागेवर लावला, किटली पुन्हा शेगडीवर चढली, खिडक्या घट्ट लावल्या. तिने छताकडे पाहून हात जोडले आणि हसली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती जागी झाली तेव्हा तिच्या कपाळावर पाणी होतं.

ठासू तसाच अनवाणी, कडाक्याच्या थंडीत छपरावर गेला. वर दव गोठून पत्रा पांढरा पडला होता. तो डांबराचा डबा हातात धरून उभा राहिला, आणि कुठे थापावं ते त्याला कळेना, कारण थापायला जागाच उरली नव्हती. तो छपरावरच बसून रडला. खालून तिचा खोकला ऐकू येत होता. मोठा माणूस असा भरवस्तीत छपरावर बसून रडतो हे बघायला बरं दिसत नाही, पण पत्रेवाल्याने त्याला पाहिलं आणि फटकळ तोंड बंद ठेवलं. शिडी धरून उभा राहिला, ठासू उतरेपर्यंत.

त्याच आठवड्यात मुलगी आली. ती लांबच्या शहरात राहायची, इमारतीत, चौथ्या मजल्यावर. तिने खोलीत पाऊल टाकलं, नाकाला पदर लावला आणि आईची पिशवी भरायला घेतली. बाप मागे मागे फिरत समजावत राहिला, की होईल, करतो, एवढी थंडी जाऊ दे. मुलगी वळली.

"बाबा, छत कोरडं झाल्याशिवाय आई या घरात परत येणार नाही. आणि तुम्ही सांगितलंत म्हणून मी मानणार नाही."

गाडीत बसताना बायकोने एवढंच विचारलं की तुम्ही जेवणार काय. ठासू म्हणाला, जेवेन काहीतरी. गाडी गेल्यावर तो घरात आला, पलंगावर तिच्या जागी बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला. दुकानाचं दारही उघडलं नाही.

आणि मग छत पुन्हा सुकलं.

या वेळी त्याला आनंद झाला नाही. ती असली की गळतं, ती गेली की थांबतं. ती परत आली की पुन्हा गळतं. वेडेवाकडे विचार यायला लागले. तिचं आणि या घराचं वैर आहे की काय? घर विकून टाकावं का? पण असं काळं पडलेलं घर घेणार कोण, आणि जायचं कुठे? मुलीचा रोज फोन यायचा. तिथल्या डॉक्टरांकडे आईला नेलं की ते सगळ्यांत आधी विचारायचे, त्या छताचं काय झालं? आणि मग छत तसंच असेल तर घरी पाठवायचं मनातही आणू नका म्हणून बजावायचे. मुलगी ते जसंच्या तसं बापाला सांगायची. मागून बायकोचा आवाज यायचा, विचार गं, घरी कधी न्यायचं म्हणतात. ठासू म्हणायचा, लवकरच. आणि फोन ठेवून छताकडे बघत बसायचा. त्याने पुरते हात टेकले होते.

दुकान मात्र किती दिवस बंद ठेवणार? उघडलं त्या सकाळी बसचा एक ड्रायव्हर गादी खांद्यावर टाकून आला आणि आल्या आल्या भडकला. वर्षभरापूर्वी इथूनच घेतलेली गादी. वरून कोरडी ठणठणीत आणि खालून ओली गच्च, काळी पडलेली. त्याचं म्हणणं, ठासूने ओला कापूस भरून फसवलं. आता ठासू कितीही खचलेला असला तरी त्याच्या गादीला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपणार नव्हतं. त्याने गादी उलटी केली, हात फिरवला आणि ड्रायव्हरला फैलावर घेतलं.

"फरशीवर टाकून झोपता ना? मग आणखी काय होणार? अंगाची ऊब खाली जाते, अंगाची वाफ खाली जाते. फरशी गार. तिथे त्या वाफेचं पाणी होतं आणि कापसात बसतं. वाळायला वाट कुठे आहे त्याला? गादीखाली हवा खेळायला हवी. फळ्या टाका, पलंग घ्या, काहीही करा, पण दोन बोटं तरी जागा सोडा."

हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं की ते त्याच्या तोंडातून आपोआप यायचं. आताही आलं. आणि मग तो तसाच थांबला, हात गादीवर ठेवून. ड्रायव्हरला वाटलं माणसाला चक्कर आली. त्याने पाणी विचारलं.

ठासू दुकान उघडं टाकून मागे घरात गेला आणि मान वर करून उभा राहिला. गार फरशीसारखा गार पत्रा. त्याला चिकटवून त्याने स्वतःच्या हाताने ठासून भरलेली गादी. खाली दिवसभर उकळणारी किटली, बंद खिडक्या, आणि तिचा श्वास. ती सगळी वाफ वर जात होती, फळ्यांच्या फटींतून, दिव्याच्या तारेच्या भोकातून कापसात शिरत होती आणि पत्र्याला लागून पाणी होत होती. बाहेरून थेंबही आत येत नव्हता. पाणी घरातलंच होतं. ती गेली की किटलीही उतरायची, म्हणून छत सुकायचं. जुन्या सुताराने ते वाळवायला वारा ठेवला होता, आणि ठासूने त्या वाऱ्याच्या तोंडात चिंध्या कोंबल्या होत्या.

त्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरंच मारून घेतली, ड्रायव्हरने दारातून पाहिलं.

फळ्या उचकटायला पत्रेवाला मदतीला आला. पहिली फळी निघाली आणि काळा, लिबलिबीत गोळा ठासूच्या खांद्यावर पडला. तो कापूस त्याने स्वतः पिंजला होता, पांढराशुभ्र. आता तो पिळला की पाणी गळत होतं. पत्र्यातून आत आलेल्या खिळ्यांची टोकं गंजून लाल झालेली, प्रत्येक टोकाखाली फळीवर एक तांबडा डाग. पत्रेवाल्याने नाकाला फडकं बांधलं. ठासूने बांधलं नाही. तो दोन्ही हातांनी ओढत होता आणि बोलत होता, हे तिच्या छातीत गेलं रे, हे सगळं मी तिच्या छातीत भरलं. पत्रेवाला त्याला म्हणाला की तू ऊब भरायला गेला होतास, आणि आता तोंड बंद ठेव, नाहीतर तुझ्याही छातीत जाईल. शेवटी त्यानेच ठासूच्या तोंडाला फडकं बांधलं.

सगळं रिकामं केलं. सडलेल्या फळ्या फेकल्या, बाकीच्या घासून उन्हात वाळवल्या. वळचणीची भोकं मोकळी करून त्यांवर बारीक जाळी ठोकली. पत्रेवाल्याने आढ्याचा पत्रा उचलून त्याखाली वारा निघायला वाट केली, पाऊस शिरू नये अशी. आता भरायची पाळी आली. कापूस नको म्हणून काचेच्या लोकरीच्या, ग्लासवूलच्या, गुंडाळ्या आणल्या होत्या. पत्र्याच्या खाली आडव्या पट्ट्या मारल्या, म्हणजे लोकर पत्र्याला शिवू नये. आणि इथे ठासूचा हात अडला. वाशांमधल्या पहिल्या दोन रकान्यांत त्याने सवयीने लोकर इतकी दाबून बसवली की ती पट्ट्यांमधून पत्र्याला टेकली. पत्रेवाल्याने ती उपसून काढली. पुन्हा बसवली, पुन्हा घट्ट झाली. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. मग ठासूने युक्ती काढली. डाव्या हाताची दोन बोटं पत्र्याखाली आडवी धरायची, आणि उजव्या हाताने लोकर त्यांना टेकेपर्यंतच सरकवायची. बोटं हलली नाहीत तर बरोबर, चेंगरली तर काढायची. सगळं छप्पर त्याने तसंच भरलं. बोटांची सालं निघाली.

लोकरीच्या खालून, खोलीच्या बाजूने, जाड प्लास्टिकचा कागद लावला, सांध्यांवर चिकटपट्टी मारली, दिव्याच्या तारेचं भोक लांबीचा चिकट लगदा भरून बुजवलं, म्हणजे खोलीतली वाफ वर जायला फट राहू नये. मग फळ्या. काम संपल्यावर पत्रेवाला म्हणाला, बघ, कोरडं आहे. ठासू त्याच्याकडे बघत राहिला. ती घरात नसताना ते कोरडंच असायचं. त्यात काय विशेष?

म्हणून त्याने किटली चढवली. रिकाम्या घरात, कुणी आजारी नसताना, त्याने दिवसभर पाणी उकळलं, जसं तिच्यासाठी उकळायचा तसं. खिडकी मात्र किंचित उघडी. संपलं की भरायचं, पुन्हा ठेवायचं. स्वतः तिच्या जागी पडून राहायचा, तोंड वर करून. पत्रेवाला डोकावून म्हणायचा, वेड लागलंय तुला. दुपारी गिऱ्हाइकं दारातून हाका मारून जायची. थंडी अजून होती, सकाळी पत्रा पांढरा व्हायचा. ठासू उठल्या उठल्या शिडी लावून फळ्यांवर तळवा ठेवायचा. कोरडं. शेजारची फळी, कोरडं. आढ्याजवळ, जिथून पहिला थेंब पडला होता तिथे, गाल लावून बघितलं. लाकूड कोमट होतं. आठवडाभर त्याने कुणालाही काही सांगितलं नाही, कारण एकदा सांगून तो तोंडघशी पडला होता.

मग मुलीला फोन केला आणि म्हणाला, तिला दे. बायकोचा आवाज यायला वेळ लागला. आधी नुसता श्वास आला.

"झालं," ठासू म्हणाला. "कोरडं आहे."

"मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात."

त्याने फोन नेऊन शेगडीजवळ धरला. किटली खदखदत होती. तो तसाच उभा राहिला, हाताला वाफेचा चटका बसेपर्यंत, मग फोन परत कानाला लावला.

"ऐकलंस? आठवडा झाला, अशीच उकळतेय. एक थेंब नाही. वर जागा सोडली, म्हणून."

"किती?"

"दोन बोटं."

"तुम्ही सोडलीत?" ती म्हणाली आणि हसली. हसणं खोकल्यात गेलं, आणि तो खोकला ठासूला ओळखू आला नाही. तो आता कोरडा, बारीक होता, जणू खोकायलाही आत काही उरलं नव्हतं. खोकला थांबल्यावर तिने म्हटलं, "मग या न्यायला."

मुलीने फोन घेतला. ती बाहेर गॅलरीत गेली असावी, मागून रहदारीचा आवाज आला. ठासू घाईघाईने सांगायला लागला की तू स्वतः येऊन बघ, हात लावून बघ, तुमच्या डॉक्टरांनाही सांग की आता छताची काळजी नको. मुलगी मध्येच म्हणाली, बाबा, न्या तिला. डॉक्टरांनी कालच सांगितलं, तिला घरी जायचं असेल तर जाऊ द्या.

ठासूला क्षणभर वाटलं, आता छाती फुटेल आनंदाने. मग त्याने विचारलं.

"छताबद्दल काय म्हणाले?"

रहदारीचा आवाज येत राहिला.

"काही नाही, बाबा. या वेळी त्यांनी छताचं विचारलंच नाही."

ठासूने फोन ठेवला. तो खोलीच्या मधोमध उभा राहून कोरड्या, स्वच्छ छताकडे बघत होता. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलंही नाही. मग तिची गादी उन्हात उभी करून आणली, पलंगावर घातली, चादर ताणून बसवली. किटली उतरवली, शेगडी बंद केली. दुकानाची किल्ली पत्रेवाल्याकडे दिली आणि त्याला सांगितलं की उद्या दुपारी शेगडी पेटवून ठेव, किटली भरून ठेव. घरी आल्या आल्या तिला वाफ लागेल.